माळ्यावरचा अंक

रत्नागिरीच्या राम आळीतील एका जुन्या किराणा-भुसार दुकानाचा पोटमाळा गेल्या वर्षी, २०२५ साली, पावसाळ्यापूर्वी उपसण्यात आला. कौले काढून वर पत्रा घालावयाचा होता. त्यासाठी चार पिढ्यांची अडगळ खाली आणणे भाग होते. पितळी तागड्या, फुटक्या बरण्या, आंब्याच्या रिकाम्या पेट्या आणि लाल कापडात बांधलेले वह्यांचे गठ्ठे अंगणात येऊन पडले. कोकणातील दमट हवेत कागद टिकवणे म्हणजे समुद्राशी वाद घालण्यासारखे आहे. अर्धे गठ्ठे वाळवीने कधीच संपवले होते. विक्रम संवत २०३३ च्या गठ्ठ्याला मात्र तिने फारसा हात लावला नव्हता. दुकानाचे मालक असलेल्या थोरल्या भावाने तो सोडला, तेव्हा रोजमेळ आणि खतावणी यांच्यामध्ये एक इंद्रजाल कॉमिक्स निघाले.

मुखपृष्ठ नव्हते. पहिले पान कसरीने जाळीदार केले होते आणि टाचण्यांच्या गंजाने मधोमध दोन तांबूस डाग उमटले होते. तरीही थोरल्यांनी अंक क्षणात ओळखला. फ्लॅश गॉर्डनचा अंक! ते वाक्य त्यांच्या तोंडून इतक्या मोठ्याने निघाले की, गल्ल्यावर बसलेला पुतण्या उठून बाहेर आला.

इंद्रजाल आणि थोरले एकाच वर्षाचे. टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशनगृहाने मार्च १९६४ मध्ये ही मालिका इंग्रजीत सुरू केली आणि थोड्याच काळात ती मराठीसह अनेक भारतीय भाषांत निघू लागली. तिचा खरा राजा वेताळ. ली फॉकने १९३६ साली निर्माण केलेला हा मुखवटाधारी नायक मूळ कथेत ज्या देशात राहतो, त्याचे ‘बंगाला’ हे नाव आपल्याकडे ‘डेंकाली’ करण्यात आले आणि तेथील ‘सिंग’ चाचे ‘सिंगा’ झाले. कोणाच्या भावना दुखावू नयेत, ही प्रकाशकांची व्यापारी सावधगिरी. दुकानदाराला ती चटकन समजते. पुढे १९७६ साली आबिद सुरती यांचा बहादूर आला आणि धोतर नेसलेल्या, घोड्यावरच्या डाकूंनाही या चित्रांत जागा मिळाली. १९९० साली मालिका थांबली, तोवर तिचे आठशेवर अंक निघाले होते.

वेताळ, मॅन्ड्रेक आणि बहादूर यांच्या गर्दीत फ्लॅश गॉर्डन अधूनमधून येई. अलेक्स रेमंडने ७ जानेवारी १९३४ रोजी अमेरिकेतील वृत्तपत्रांत त्याची चित्रकथा सुरू केली होती. मोंगो नावाच्या ग्रहावर मिंग नावाचा क्रूर सम्राट आणि त्याच्याशी झुंजणारा पृथ्वीवरचा एक तरुण, एवढाच तिचा सांगाडा. रत्नागिरीच्या मुलांना मात्र सम्राट आणि राजवाडा ही कल्पना परकी नव्हती. ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा याला इंग्रजांनी येथेच आणून ठेवले होते. त्याच्यासाठी बांधलेला राजवाडा १९१० साली पुरा झाला आणि १९१६ साली तो येथेच वारला. थोरले आणि त्यांचा तीन वर्षांनी लहान असलेला भाऊ त्या वाड्याच्या आवारात मिंगच्या शिपायांचा पाठलाग करीत. मिंग कोणी व्हायचे यावरून रोज भांडण होई.

त्या काळी मराठी वाचकाला विज्ञानकथा अपरिचित नव्हती. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत ‘कृष्णविवर’ या कथेला पहिले पारितोषिक मिळाले आणि लेखक ‘नारायण विनायक जगताप’ हे प्रत्यक्षात जयंत विष्णू नारळीकर असल्याचे उघड झाले. आद्याक्षरे उलटी केली की नाव सापडते! पण ते शब्दांचे जग मोठ्यांचे होते. दहा-तेरा वर्षांच्या मुलांना अंतराळयान डोळ्यांनी पाहायचे होते आणि ते या रंगीत पानांखेरीज रत्नागिरीत कोठे दिसणार? दूरचित्रवाणी आली नव्हती. कोकण रेल्वे पूर्ण व्हायलाच १९९८ साल उजाडले. मुंबईची मासिके एसटीच्या टपावरून येत आणि पावसात भिजूनच पोहोचत.

घरात सूर्यास्तापूर्वी जेवणे आटपत, त्यामुळे पुढची संध्याकाळ लांबलचक असे. वडिलांनी १८२८ साली स्थापन झालेल्या नगर वाचनालयातून आणलेली पुस्तके मुलांनी वाचावीत, अशी घरची शिस्त होती. इंद्रजालला बंदी नव्हती, परंतु त्यावर पैसे खर्चणे मान्य नव्हते. मग स्टँडजवळच्या एका दुकानातून दहा पैसे रोजाने अंक भाड्याने आणायचा आणि दुसऱ्या दिवशी दिवेलागणीपूर्वी परत करायचा, अशी तडजोड निघाली. दुसऱ्याची वस्तू घरात एक रात्रही अधिक राहता कामा नये, हे वडिलांचे म्हणणे होते आणि त्या बाबतीत ते उधारीच्या वसुलीपेक्षाही कडक होते.

१९७७ च्या आषाढात फ्लॅश गॉर्डनचा तो अंक आला आणि हरवला. आणताना दुकानदाराच्या वहीत नाव धाकट्याचे लागले होते. घर पालथे घातले, अंक मिळाला नाही. दुकानदाराने भरपाई मागितली. वडिलांनी ती दिली, धाकट्याला एक थोबाडीत दिली आणि त्या वर्षी पर्युषणात त्याला मिळावयाचे नवे दप्तर रद्द केले. धाकटा रडला, पण काही बोलला नाही.

अंक थोरल्यांनीच लपवला होता. तेरा वर्षांच्या मुलाला एखादी वस्तू केवळ आपली असावी असे वाटते, यापलीकडे त्याला कारण नव्हते. नंतर बाहेर काढण्याचे धैर्य झाले नाही. दिवाळीत वही बंद होऊन गठ्ठा बांधला गेला, तेव्हा अंक त्यात सरकवला आणि विषय संपला.

अंगणात उभ्या उभ्याच थोरल्यांनी खतावणी उघडली. वडील मुलांचीही खाती ठेवीत. धाकट्याच्या पानावर मोडी वळणाच्या त्यांच्या अक्षरात नोंद होती : पुस्तकाची नुकसानभरपाई, नावे, रुपये चार. पुढे दर महिन्याला चार आणे जमा करून ते खाते चुकते केलेले होते. सोळा महिने. शेवटच्या नोंदी पुढल्या वर्षांच्या वह्यांत गेल्या होत्या आणि त्या वह्या वाळवीने खाल्ल्या होत्या. परंतु बाकी फेडल्याशिवाय वडिलांनी सोडले नसते, हे सांगायला वहीची गरज नव्हती.

पुतण्याने तोवर मोबाईलवर चौकशी केली होती. मुखपृष्ठासह चांगल्या स्थितीतला जुना इंद्रजाल असेल, तर संग्राहक बरी किंमत देतात. असा फाटका कोणी विचारीत नाही. विलायतेतही हाच प्रकार, असे त्याने सांगितले. तेथे २६ फेब्रुवारी १९७७ रोजी ‘२००० एडी’ नावाचे विज्ञानकथांचे चित्रसाप्ताहिक सुरू झाले. त्याचा संपादक म्हणे थार्ग नावाचा परग्रहवासी, आणि जज ड्रेड दुसऱ्याच अंकात अवतरला. ते वर्ष उलटून पाव शतक झाले, तरी साप्ताहिक त्याच नावाने निघते आहे. थोरल्यांनी ऐकून घेतले. त्याच आषाढाच्या आधी चार-पाच महिने, एवढेच त्यांच्या ध्यानात राहिले.

रात्री त्यांनी अंक वाचला. पंधरा मिनिटांत संपला. लाल रंग रेषेबाहेर सरकलेला, फुग्यांत मराठी अक्षरे दाटीवाटीने बसवलेली, कथा साधीच. मग त्यांनी तो पुन्हा पहिल्यापासून चाळला, कारण त्यांना आठवत असलेले दृश्य त्यात कोठेच नव्हते. हिरवा चंद्र, त्याच्यावर पाण्याखाली बुडालेले शहर आणि घंटा वाजवणारा आंधळा पहारेकरी! अठ्ठेचाळीस वर्षे ते दृश्य त्यांनी या अंकाच्या नावावर जमा धरले होते.

ते धाकट्याचे होते. अंक गेल्यानंतर त्या पावसाळ्यात, वीज गेलेल्या रात्री अंथरुणात पडल्या पडल्या तो ही कथा आठवून सांगत असे आणि रोज तिच्यात भर घालीत असे. तो चुकीचे सांगतो आहे, हे थोरल्यांना कळत होते. दुरुस्ती करायची तर अंक काढून दाखवावा लागला असता. म्हणून ते गप्प राहून ऐकत, आणि हळूहळू खरा अंक विसरले.

वडिलांच्या पश्चात वाटणी झाली. दुकान थोरल्यांकडे आले, गोदाम धाकट्यांकडे गेले. पेढीच्या नावावरून शब्द वाढले. धाकटे आंबा घाट चढून कोल्हापूरला स्थायिक झाले. त्यानंतर एकोणीस वर्षे लग्नकार्यात समोरासमोर आले तर ख्यालीखुशाली, एवढाच व्यवहार उरला होता. संवत्सरीला क्षमापनेचे छापील पत्र दोन्हीकडून नेमाने जाई. छापील पत्रात विशिष्ट अपराधाला जागा नसते.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडण्यापूर्वी थोरल्यांनी फोन लावला. प्रस्तावना त्यांना जमली नाही. अंक सापडला, तो मीच लपवला होता, एवढे ते एका दमात बोलून गेले.

पलीकडे थोडा वेळ शांतता होती.

“वह्यांच्या गठ्ठ्यात ना?” धाकटे म्हणाले. “मला माहीत होतं, दादा. दिवाळीआधी दोनदा माळ्यावर चढून वाचला होता मी तो.”

“मग सांगितलं का नाहीस? मार खाल्लास, दप्तर गेलं.”

“सांगितलं असतं तर परत द्यावा लागला असता.”

थोरल्यांनी चार रुपये देणे असल्याचे कबूल केले. धाकट्यांनी व्याजाची आठवण करून दिली. कोणत्या दराने आणि सरळ की चक्रवाढ, यावर बराच वेळ एकमत होईना, आणि दुकानाची फळी त्या दिवशी अर्धा तास उशिरा निघाली.