वाणासाठी आल्याचा पाक

मार्गशीर्ष सरत येतो, साताऱ्याकडच्या शेतांतून नव्या आल्याची काढणी सुरू होते आणि पातळ सालीचे, मातीने माखलेले, रसरशीत आले मंडईत दिसू लागते, त्या सुमारास आमच्या घरी संक्रांतीच्या वाणासाठी आल्याचा पाक करण्याची तजवीज सुरू होते. आलेपाकाच्या वड्यांशी किंवा वैद्याने सांगितलेल्या काढ्याशी याची गल्लत करू नये. आल्याचा रस, गवती चहा आणि मोजक्या मसाल्यांचा अर्क साखरेत मुरवून बाटलीत टिकेल असे केलेले हे पेय आहे, आणि त्याचे दोन चमचे पेलाभर कढत पाण्यात पडले की थंडीने आखडलेल्या माणसाला बोलायला हुरूप येतो.

या कृतीतले सारे कौशल्य कशात आहे असे मला कोणी विचारले, तर कोणत्या जिन्नसाला किती वेळ विस्तवावर ठेवावे हे ओळखण्यात आहे, असे मी निःशंकपणे सांगेन. शार्ङ्गधरसंहितेच्या मध्यमखंडात क्वाथ, फांट आणि हिम असे निरनिराळे प्रकार सांगितले आहेत: भरड द्रव्याच्या सोळापट पाणी घालून ते अष्टमांश उरेपर्यंत आटवावे तो क्वाथ, कढत पाण्यात द्रव्य नुसते भिजवून गाळावे तो फांट आणि गार पाण्यात रात्रभर ठेवावे तो हिम. हा भेद पाठ्यपुस्तकी आहे असे पुष्कळांना वाटते. पण सगळे मसाले एकदम पातेल्यात लोटून तासभर रटरटू देणाऱ्या सुगरणीच्या पाकात शेवटी एकटी लवंगच का उरते, याचे उत्तर त्याच भेदात आहे. दालचिनीची साल आणि मिरे कठीण, म्हणून त्यांचा क्वाथच हवा. मी बोटभर लांबीचे दालचिनीचे दोन तुकडे आणि दहा-बारा मिरे जाडसर कुटून अर्ध्या लिटरहून थोड्या जास्त पाण्यात मंद विस्तवावर ठेवते आणि पाणी निम्मे झाले की सात-आठ लवंगा घालते. त्याही अखेरची पाच मिनिटेच, कारण लवंग अधिक शिजली की बाकीच्यांना बोलू देत नाही. त्यानंतर पातेले उतरवून त्यात गवती चहाची पाती कातरून टाकते आणि घट्ट झाकण ठेवते. गवती चहाचा लिंबासारखा वास ज्या तेलात असतो ते वाफेबरोबर निघून जाते. पाती उकळली की स्वयंपाकघर घमघमते आणि बाटली मात्र सुगंधाला मुकते. काढा उघड्या भांड्यात आटवावा हा वैद्यकाचा दंडक औषधासाठी योग्य असेल. पेय सुवासासाठी प्यायचे असल्यामुळे निदान गवती चहापुरता मी तो मोडते.

आल्याचे काम याहून नाजूक. नवे आले रसाला भरपूर पण तिखटपणाला कमी, आणि जुने आले तिखट पण दोऱ्यांनी भरलेले. म्हणून नव्याच्या राशीत मूठभर जुने मिसळून साधारण अर्धा किलो आले घ्यावे, खरवडून किसावे आणि फडक्यातून पिळावे. निघालेला पिवळसर, गढूळ रस उभट काचेच्या पेल्यात ओतून अर्धा-पाऊण तास मुळीच हलवू नये. हळूहळू पेल्याच्या तळाशी पांढरा, चुन्याच्या निवळीखालच्या साक्यासारखा थर बसतो आणि वरचा रस मधाच्या रंगाचा होतो. हा थर म्हणजे आल्यातला स्टार्च. तो रसाबरोबर पातेल्यात गेला की पाक खळीसारखा दाटतो, बाटलीत ढगाळ दिसतो आणि लवकर बिघडतो. म्हणून पेला एका हाताने तिरका धरून, थर हलू न देता, वरचा रस धारेने ओतून घेणे हा या साऱ्या खटाटोपातला मला सर्वांत प्रिय क्षण आहे. वरचा रस संपत आला की थराची पांढरी कड पेल्याच्या ओठाकडे सरकते. ती दिसताच हात थांबला पाहिजे. चार चमचे रस वाया गेला तरी चालेल.

यापुढचा हिशेब साखरेचा. पावशेर रस आणि पावशेर गाळलेले मसाल्याचे पाणी मिळून जो द्रव होतो, त्याच्या वजनाच्या दुप्पट साखर, म्हणजे सुमारे एक किलो, हे प्रमाण लोभाने ठरलेले नाही. शेकडा पासष्टच्या आसपास साखर असलेल्या पाकात बुरशीला आणि किण्वाला जगण्याइतके मोकळे पाणीच सापडत नाही. प्रकृतीला बरे म्हणून साखर निम्म्यावर आणणारे लोक वस्तुतः पाकाची मुदत निम्म्याहूनही खाली आणतात. त्यापेक्षा पाणी अधिक घालून पातळ प्यावे. पाकाला एक उकळी येऊ द्यावी, मळी काढावी आणि एकतारीच्या किंचित अलीकडे उतरवावे, कारण तार पक्की आली तर बाटलीच्या तळाशी खडे धरतात. दोन लिंबांचा रस विस्तव बंद केल्यावर घालावा. आंबटपणामुळे साखर फिरून दाणे धरीत नाही. वेलदोड्याची पूड अगदी शेवटी, पाक कोमट असताना. भांडे स्टीलचे किंवा उत्तम कल्हईचे असावे. कल्हई गेलेल्या पितळेत लिंबू घालणे अपायकारक आहे.

गुळाचा पाक अधिक सात्त्विक, असा आग्रह धरणारी माझ्या स्नेहातली मंडळी आहेत. कोल्हापूरच्या गुळाची थोरवी मला मान्य आहे आणि सुंठ-मिऱ्यांशी त्याचे उत्तम जमते; पण त्याच्या स्वतःच्या गंधापुढे गवती चहा लोपतो आणि गुळाचा पाक लवकर आंबतो. घरात पिण्यासाठी गूळ, देण्यासाठी साखर, हा माझा शिरस्ता आहे. ज्येष्ठमध मात्र द्यावयाच्या बाटल्यांत मी कधीच घालीत नाही. त्याने घशाला आराम पडतो हे खरे, परंतु तो नित्य पोटात गेला तर रक्तदाब वाढतो, आणि कोणत्या घरी कोणाची काय प्रकृती आहे याची खातरजमा वाण देताना होत नसते.

वाणाचा विषय निघालाच म्हणून बोलते. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत चालणाऱ्या हळदीकुंकवात सुगडातून ऊस, बोरे, हरभरे, गव्हाच्या ओंब्या यांची देवघेव होते, म्हणजे त्या ऋतूत शेताने जे दिले तेच एकमेकींच्या ओटीत जाते. त्या जागी प्लॅस्टिकचे डबे आणि चाळण्या लुटल्या जातात तेव्हा मला मनापासून वाईट वाटते. त्याच दिवसांत आलेही असते, ऊसही असतो, गवती चहा तर अनेकींच्या परसात किंवा कुंडीत असतो.

बाटल्या लहान घ्याव्यात, उकळत्या पाण्यातून काढून उन्हात खडखडीत वाळवाव्यात आणि पाक पूर्ण निवल्यावरच भरून झाकण लावावे. झाकणाखाली वाफेचा जो थेंब जमतो त्याच्या जागीच पहिली बुरशी धरते. प्रत्येक बाटलीवर चिठ्ठी हवी आणि तिच्यात एवढा मजकूर हवा: आतले जिन्नस, केल्याची तारीख, पेलाभर पाण्याला दोन चमचे, दुधात घालू नये (आले आणि लिंबू दोन्ही दूध फाडतात), आणि मधुमेह असलेल्यांनी घेऊ नये. बाटली देताना तोंडाने सांगितलेले गर्दीत विसरले जाते.

आणि ज्यांना अशी बाटली मिळेल त्यांना माझी विनंती आहे की ती शोभेसाठी कपाटात मांडून ठेवू नका. शीतकपाटात ठेवा, कोरडाच चमचा घाला, आणि होळीच्या आत संपवा.