मणक्यातली गोळी

मुरलीकांत पेटकर यांचा जन्म १९४४ चा, सांगली जिल्ह्यातला. सैन्यातला हा मुष्टियोद्धा १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाला. कमरेखालचे बळ गेले आणि एक गोळी मणक्यातच राहिली. उपचार म्हणून पोहणे सुरू झाले. जमिनीवर ओझे वाटणारे शरीर पाणी अलगद तोलून धरते. मग खांदे आणि हात पुरतात. १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी ५० मीटरचे अंतर ३७.३३ सेकंदांत, विश्वविक्रमी वेळेत पार केले. पॅरालिम्पिकमधले ते भारताचे पहिले सुवर्णपदक.

 म्हाताऱ्या सैनिकाला पुष्कळदा एकच वाट उरते, घर ते पेन्शनची बँक. पेटकरांची वाट पाण्यातून फुटली. तरी पदकानंतरची शांतता फार लांबली, आणि ती मनाला लागते. पद्मश्री २०१८ मध्ये मिळाली. त्यांच्या आयुष्यावरच्या, २०२४ च्या ‘चंदू चॅम्पियन’ चित्रपटाने त्यांचे नाव तरुणांच्या ओठी आणले. जानेवारी २०२५ मध्ये, वयाची ऐंशी उलटल्यावर, कुबड्यांच्या आधाराने ते राष्ट्रपतींसमोर अर्जुन जीवनगौरव स्वीकारायला गेले.