टोरंट हलंना

"भाऊ, नेट चालूय, यूट्यूब पळतंय, पण टोरंट हलंना!" जालन्यात संगणकदुरुस्ती करताना ही तक्रार नेहमीची. बिघाड लाइनीत आहे, असं गिऱ्हाइकाने गृहीतच धरलेलं असतं. यूट्यूब चालतंय म्हणजे लाइन ठीक आहे, हे त्याच्याच बोलण्यात आलेलं असतं.

यूट्यूबवर आपण मागतो, सर्व्हर देतो. ब्रॅम कोहेन यांनी 2001 मध्ये आणलेल्या बिटटोरंटमध्ये फाइलचे तुकडे अनेकांच्या संगणकांवर असतात आणि ते आपसांत देवाणघेवाण करतात. तिथे आपण बाहेर पोचणं जितकं महत्त्वाचं, तितकंच बाहेरच्यांनी आपल्यापर्यंत पोचणं.

मी सेटिंगला हात लावण्याआधी उबंटू या ऑपरेटिंग सिस्टिमचा अधिकृत टोरंट लावून बघतो. त्याला सीड, म्हणजे पूर्ण फाइल जवळ ठेवून ती देणारे, भरपूर असतात. तो धावला, तर बहुधा गिऱ्हाइकाच्या फाइललाच कुणी सीड उरलेलं नसतं. राउटर बदलून काही होत नाही. उबंटूचा टोरंटही अडला, तर आधी फायरवॉलची परवानगी, मग राउटरमधला पोर्ट, म्हणजे बाहेरच्यांना आत यायचं दार, तपासायचा.

खरी गोम त्यापुढे आहे. राउटरमधला वॅन आयपी, म्हणजे बाहेरच्या बाजूचा पत्ता, 100.64 ते 100.127 या आकड्यांनी सुरू होत असेल, तर पोर्ट उघडून उपयोग नाही. आयपीव्ही4 चे पत्ते अपुरे पडल्याने इंटरनेट कंपन्या एकच सार्वजनिक पत्ता अनेक घरांत वाटतात. त्यासाठी ही मालिका 2012 मध्ये राखून ठेवली गेली. पोस्टमनला वाडा सापडतो, बिऱ्हाड सापडत नाही, अशी गत. अंबड-भोकरदनकडची मुलं मोबाइलच्या हॉटस्पॉटवर डाउनलोड लावतात, तिथेही बहुधा हेच. आपण ज्यांना गाठू शकतो, तेवढेच देणारे मिळतात. मग आयपीव्ही6 चालू करावं किंवा कंपनीकडे स्टॅटिक आयपी मागावा.

वेगाच्या तक्रारीत निम्मा घोळ हिशेबाचा. 40 एमबीपीएसच्या लाइनीवर सेकंदाला 5 एमबी हाच पूर्ण वेग, कारण आठ बिटांचा एक बाइट. मात्र अपलोड मोकाट सोडलं, तर तुकडे मिळाल्याच्या पोचपावत्या गर्दीत अडकतात आणि डाउनलोडही मंदावतं. अपलोडला क्षमतेच्या 80 टक्क्यांवर लगाम घातला, की बहुधा फरक पडतो.

एका वेळी एकच सेटिंग बदला, नाहीतर कशाने गुण आला ते कळत नाही. फायरवॉल सरसकट बंद ठेवू नका. आणि फाइल उतरली की लगेच खिडकी मिटू नका; जेवढं घेतलं, तेवढं तरी परत देऊन उठा.