सातबाऱ्याच्या खाली

चुडावा, ता. पूर्णा, जि. परभणी

चि. बाळास,


टेक्सासातल्या मिडलँडजवळ तुम्ही दोघांनी घेतलेल्या वीस एकरांसाठी तेल कंपनीचा माणूस करारनामा घेऊन आला, तेव्हा तू फोनवर विचारलंस की आपल्या चुडाव्याच्या रानाखाली असं काही निघालं तर ते कोणाचं? उत्तर एका शब्दाचं आहे: सरकारचं. पण हे कुठून आलं आणि टेक्सासात त्याच्या नेमकं उलट कसं घडलं, ती हकिकत कळली की हातातला कागद वाचणं सोपं जातं. म्हणून हे लांब पत्र.

सुरुवात लंडनपासून करावी लागते. चुडावा तेव्हा निजामाच्या राज्यात होतं. त्या राज्यातली खनिजं शोधायची आणि खाणी चालवायच्या, असा ९९ वर्षांचा मक्ता १८८६ साली वॉटसन आणि स्टुअर्ट या दोन इंग्रजांना मिळाला. त्यांनी लंडनला हैदराबाद डेक्कन कंपनी काढली. भांडवल कागदावर १० लाख पौंड. एक लाख शेअरांपैकी ८५ हजार शेअर मक्त्याच्या बदल्यात या मंडळींच्याच हाती गेले. निजामाच्या वतीने बोलणी करणारा अधिकारी अब्दुल हक, किताब सरदार दिलेर-उल-मुल्क, आतून त्याच शेअरांत भागीदार होता. दहा पौंडांचा शेअर बारा पौंडांना खुद्द निजाम सरकारच्या गळ्यात बांधला गेला. १८८८ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटच्या समितीने चौकशी केली, लंडनच्या वर्तमानपत्रांत गाजावाजा झाला आणि हकची नोकरी गेली. त्याच कंपनीने पुढे सिंगरेणीचा कोळसा काढला. आजची सिंगरेणी कोलिअरीज तिच्यातूनच उभी राहिली.

या सगळ्या व्यवहारात एक माणूस कुठेच दिसत नाही, तो म्हणजे शेत कसणारा. राजा, मक्तेदार, दलाल, शेअरवाले सगळे हजर, आणि ज्याच्या नांगराखाली ही संपत्ती असेल त्याला विचारावं असं कोणाच्या मनातही आलं नाही. निजामी गेली. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. ही एक गोष्ट मात्र बदलली नाही.

उलट ती कायद्यात पक्की लिहिली गेली. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ सालची. तिचं कलम ४८ सांगतं की खनिज कुठेही सापडो, जमिनीवर किंवा जमिनीखाली, नाल्यात, खाडीत किंवा नदीपात्रात, त्याच्यावरचा हक्क राज्य सरकारचा. सातबाऱ्यावर नाव, क्षेत्र, आकार, इतर हक्क, पिकं सगळं असतं, खालच्या थराचा रकाना नसतो. तो नाही कारण विषयच आधी मिटवून टाकलेला आहे.

आपल्याकडे तेल नाही, पण याचा चटका रोज बसतो तो गौण खनिजाच्या रूपाने. गोदावरी आणि पूर्णेची रेती, माळाचा मुरूम, वीटभट्टीची माती. स्वतःच्या गटातला मुरूम काढून विकायचा तर शेतकऱ्याला परवानगी हवी, ब्रासच्या हिशेबाने रॉयल्टी भरायची, हायवा रस्त्यावर आणायचा तर वाहतूक पास हवा. त्याशिवाय उपसा सापडला तर बाजारभावाच्या पाच पटींपर्यंत दंड आणि वाहन जप्त. नदीचं पात्र खरवडलं जाऊ नये म्हणून हा धाक हवाच, याबद्दल दुमत नको. रेती गेली की काठच्या विहिरी आटतात. पण स्वतःच्याच शेताला स्वतःची माती लावणारा माणूस आणि रात्रीतून घाट रिकामा करणारा माणूस यांच्यात फरक करायला हवा. पुण्याच्या बांधकाम व्यावसायिकांच्या संघटनेने तो मुद्दा सर्वोच्च न्यायालयात नेला, आणि डिसेंबर २०१४ मध्ये न्यायालयाने सांगितलं की पायासाठी खोदलेली माती त्याच जागेवर वापरली तर निव्वळ खोदली म्हणून रॉयल्टी लागत नाही; माती कशासाठी वापरली ते पाहावं लागतं. गाळमुक्त धरण योजनेत तलावाचा गाळ शेतात टाकायला शेतकऱ्याला रॉयल्टी माफ आहे, तेही याच विचाराने.

सगळ्या देशात असंच आहे का? नाही, आणि हे फार थोड्यांना ठाऊक असतं. मलबारमधल्या जन्मी जमीनदारांच्या जमिनींबद्दलचा थ्रेसियाम्मा जेकब खटला जुलै २०१३ मध्ये निकाली निघाला. सर्वोच्च न्यायालय म्हणालं की कायद्याने रीतसर काढून घेतलेला नसेल, तर जमिनीखालचा हक्क सर्वसाधारणपणे जमीनमालकाकडेच असतो. म्हणजे सरकारची मालकी ही निसर्गाने ठरवलेली गोष्ट नव्हे. महाराष्ट्रात ती कलम ४८ ने आली, मलबारात तसं कलम नव्हतं. इतकाच फरक, पण माणसाच्या दोन पिढ्या बदलून टाकणारा.

चंद्रपूर आणि वणीकडे जाऊन पाहिलं की तो फरक डोळ्यांत भरतो. शेताखाली कोळशाचा जाड थर, पण मोबदला जमिनीचा, कोळशाचा नाही. संपादन होतं कोळसा क्षेत्र कायदा, १९५७ खाली. कोल इंडियाच्या धोरणात दोन एकरांमागे एक नोकरी आहे. अनेक घरं त्या नोकरीवर उभी राहिली हे खरं, तरी खाणीतून निघणाऱ्या प्रत्येक टनात शेतकऱ्याचा वाटा शून्यच. समुद्रातल्या तेलाचं तर राज्यालाही काही नाही: १९७४ मध्ये मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर ‘सागर सम्राट’ने बॉम्बे हाय शोधलं, पण घटनेच्या कलम २९७ प्रमाणे ते केंद्राचं.

आता चुडाव्याला खरंच तेल लागलं तर? आधी दगडाची गोष्ट. इथे विहीर खणली की लागतो तो काळा पाषाण, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला शास्त्रज्ञांनी ६१७ मीटर खोल छिद्र घेतलं. काळा दगड ३३८ मीटरवर संपला, खाली थोडा गाळाचा थर आणि मग थेट ग्रॅनाइट. तेल राहतं गाळाच्या जाड खडकात. देशातल्या २६ गाळखोऱ्यांच्या सरकारी यादीत ‘डेक्कन सिनेक्लाइज’ नावाने दख्खनचा भागही आहे, पण शेवटच्या, नुसत्या आशेच्या वर्गात. आणि आपण तर लाव्हाच्या पूर्व काठाजवळ. देगलूरकडे गेलं की ग्रॅनाइट उघडाच दिसतो. तेव्हा सोयाबीन आणि हळदीवरच भिस्त ठेवावी.

तरी मानून चालू. जमिनीवरच्या तेलाचा पट्टा केंद्राच्या मान्यतेने राज्य सरकार देईल. कंपनी कच्च्या तेलावर साडेबारा टक्के रॉयल्टी राज्याला भरेल. शेतकऱ्याला मिळेल विहिरीच्या जागेचं भाडं किंवा मोबदला आणि पिकाची नुकसानभरपाई. नुसती पाइपलाइन गेली तर १९६२ च्या कायद्याप्रमाणे त्या पट्ट्याच्या बाजारभावाच्या दहा टक्के. जमीन नावावरच राहते, पण तिथे पुढे घर नाही, विहीर नाही, झाड नाही.

साडेबारा टक्के म्हणजे एक अष्टमांश. टेक्सासात जुन्या करारांमध्ये जमीनमालकाला मिळणारी रॉयल्टीही नेमकी एक अष्टमांशच असे. तोच आठवा हिस्सा, तिकडे शेतकऱ्याच्या खिशात आणि इकडे सरकारच्या तिजोरीत.

तिकडे हे असं का झालं? टेक्सासवर आधी स्पेनचा आणि मग मेक्सिकोचा अंमल, आणि त्या कायद्यात खनिज राजाचं होतं, आपल्यासारखंच. १८६६ च्या टेक्सास राज्यघटनेने तो राखून ठेवलेला हक्क जमीनमालकांना सोडून दिला. तेव्हा तेलाचा एवढा मोठा व्यवहार होईल हे कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं. पस्तीस वर्षांनी, १० जानेवारी १९०१ ला, ब्यूमाँटजवळ स्पिंडलटॉपला तेलाचा फवारा उडाला आणि त्या एका तरतुदीची किंमत कळली.

पण याला दुसरी बाजू आहे, आणि तुझं काम तिथेच आहे. हक्क मालकाचा झाला म्हणजे तो विकता येतो, वाटता येतो, जमिनीपासून तोडताही येतो. पुष्कळ विक्रीखतांत आधीचा मालक वरची जमीन देतो आणि खालचा हक्क स्वतःकडे ठेवतो. त्याची मुलं-नातवंडं झाली की हक्काचे सोळावे, बत्तिसावे हिस्से पडत जातात. अशा ठिकाणी खालचा हक्क वरचढ धरतात. ज्याच्याकडे तो आहे त्याची कंपनी गरजेपुरती वरची जागा वापरू शकते, वरच्या मालकाने नको म्हटलं तरीही. १९७१ च्या गेटी ऑइल विरुद्ध जोन्स खटल्यात न्यायालयाने शेतकऱ्याचा चालू वापर सांभाळायला सांगितलं. जोन्सचं पाणी देणारं फिरतं यंत्र कंपनीच्या उंच पंपांना अडत होतं, त्यावरून ते भांडण झालं. त्यामुळे पहिलं काम हे की तुमच्या वीस एकरांखालचं किती तुमच्या नावावर आहे, ते काउंटी क्लार्कच्या दप्तरातून वकिलाकडून काढून घे. कंपनीच्या माणसाने सांगितलेला हिस्सा हा कंपनीचा हिशेब असतो.

मग करारनामा. वर ‘प्रोड्युसर्स ८८’ असं छापलेलं असेल तर तो सरकारी ठरावीक नमुना आहे असं समजू नकोस. त्या नावाखाली वाटेल तो मजकूर फिरतो, आणि प्रत्येक कलम बदलून मागता येतं. सहीच्या वेळचा बोनस डोळ्यांसमोर असतो म्हणून माणसं त्यावरच घासाघीस करतात, पण खरा पैसा रॉयल्टीच्या हिश्श्यात आहे. साधं गणित कर: ६४० एकरांचं युनिट, त्यात तुमचे वीस एकर, संपूर्ण हक्क तुमचा आणि रॉयल्टी एक चतुर्थांश, तर विक्रीतला तुमचा वाटा ०.००७८१२५. एक अष्टमांशवर सही केली तर त्याच्या निम्मा, आणि तो करार चालेल तोवर तसाच.

‘करार चालेल तोवर’ हे शब्द नीट बघ. मुदत बहुधा तीन वर्षांची लिहितात, पण उत्पादन सुरू झालं की करार उत्पादन असेपर्यंत जिवंत राहतो, कधी कधी तीस-चाळीस वर्षं. मोठ्या जमिनीच्या एका कोपऱ्यात एक विहीर चालवून बाकीची सगळी जमीन अडकवून ठेवता येते. ते टाळायला ‘प्यू क्लॉज’ घालतात: युनिटबाहेरची जमीन मुदतीनंतर मोकळी. तुमच्याकडच्या पर्मियन खोऱ्यात स्प्रेबेरी, वुल्फकॅम्प असे तेलाचे थर एकाखाली एक आहेत, म्हणून खोलीचंही तसंच कलम हवं, जितकं खोदलं त्याच्या खालचं सुटावं. तिसरी जागा खर्चाची. गॅस गोळा करणं, दाबणं, शुद्ध करणं यांचा खर्च मालकाच्या हिश्श्यातून कापायचा की नाही, हे स्पष्ट लिहिलं नसेल तर तो कापला जातो. चौथी पाण्याची: तुमच्या बोअरचं पाणी कंपनीला फुकट वापरू द्यायचं नाही, आणि घरापासून विहीर किती अंतरावर हेही लिहून घ्यायचं. अशा बाबतीत रेलरोड कमिशनकडे तक्रार चालत नाही. नाव रेल्वेचं असलं तरी तेलविहिरींचं नियमन तेच खातं करतं, पण खासगी करारातली भांडणं ते सोडवत नाही. तेल विकायला लागल्यावर पहिला हप्ता कायद्याने पहिल्या विक्रीचा महिना संपल्यापासून १२० दिवसांच्या आत यायला हवा.

शेवटची गोष्ट, हक्क कोणाच्या नावावर ठेवायचा ही. ओक्लाहोमातल्या ओसेज या मूळनिवासी जमातीच्या लोकांनी १९०६ मध्ये जमिनी वाटून घेतल्या, पण खालचं तेल जमातीचं सामाईक ठेवलं आणि २,२२९ जणांना वाटे दिले. पैसा आला, आणि १९२० च्या दशकात त्या वाट्यांसाठी खून पडले, बरेचसे कुटुंबात शिरलेल्या माणसांकडून. म्हणून हा हक्क दोघांच्या नावावर ठेवा आणि मृत्युपत्रात त्याचा वेगळा उल्लेख करा.

इकडचंही एक काम राहिलंय. आजोबांच्या वारसांच्या फेरफारात तुझं नाव लागलंय, वाटणीसाठी तुझं मुखत्यारपत्र हवं. ते ह्यूस्टनच्या भारतीय वकिलातीत साक्षांकित करून पाठव. त्याच पाकिटात तुमच्या विक्रीखताची आणि करारनाम्याची प्रत घाल. वकिलाच्या आधी नाही, पण वकिलाबरोबर आपण सगळे ते वाचू.

सूनबाईंना आशीर्वाद.

तुझा,
मोठा काका