मजुरीचा रकाना

धाकट्या बहिणीचे यजमान अकाली गेले, तेव्हा तिने बेचाळिशी ओलांडली होती आणि मुलगी अकरावीत शिकत होती. बेळगाव तालुक्यातील त्यांच्या खेड्यात थोडी कोरडवाहू जमीन, एक जुने घर आणि बहिणीच्या हातची भाजणी, एवढेच काय ते भांडवल. नातेवाइकांनी आपापल्या परीने नोकऱ्या सुचविल्या. आम्हा पांढरपेशांना नोकरीवाचून दुसरे काही सुचतही नाही. तिने मात्र बँकेच्या स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत नाव घातले.

या संस्थांचे मूळ आपल्याच राज्यातले. दक्षिण कन्नड जिल्ह्यातील उजिरे येथे १९८२ साली धर्मस्थळाचे धर्माधिकारी वीरेंद्र हेग्गडे यांनी तत्कालीन सिंडिकेट बँक व कॅनरा बँक यांच्या सहकार्याने पहिली संस्था काढली आणि पुढे केंद्र सरकारने तोच नमुना जिल्ह्याजिल्ह्यांत नेला. शिक्षण, निवास, भोजन सारे विनामूल्य. शिकून गेलेल्यांची पुढे दोन वर्षे चौकशी ठेवतात, हे मला विशेष वाटले. आम्ही शाळावाले दाखला दिला की विद्यार्थ्याला विसरतो.

शिकवणे कानडीत. ती वही मराठीत लिही. ‘बंडवाळ’ म्हणजे आपले भांडवलच, हे पहिल्याच दिवशी कळल्यावर तिची भीती निम्मी झाली. दोन्ही भाषांचा हा जुना शेजार व्याकरणाच्या पुस्तकांत मी पुष्कळ वाचला होता. तो कोणाच्या असा उपयोगी पडलेला प्रथमच पाहिला.

एके दिवशी त्यांना खुंटीवर कड्या फेकायला लावल्या. किती अंतरावरून फेकायच्या, ते ज्याने त्याने ठरवायचे. हा खेळ पोरकट नव्हे. डेव्हिड मॅक्लेलंड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने माणसाच्या यशाकांक्षेचा अभ्यास करताना तो वापरला होता. १९६४ च्या सुमारास काकिनाड्याच्या व्यावसायिकांना हैदराबादच्या लघुउद्योग संस्थेत बोलावून त्याने असेच प्रशिक्षण देऊन पाहिले. अगदी जवळ उभा राहणारा धोका टाळतो, फार लांब जाणारा दैवावर हवाला ठेवतो; उद्योगी माणूस नेम लागेल पण कष्टाने लागेल असे अंतर निवडतो. बहीण खुंटीला जवळजवळ चिकटून उभी राहिली होती म्हणे!

खरा धक्का हिशेबाच्या तासाला बसला. एक किलो भाजणीला धान्य व इंधन ९० रुपये, दळण १०, पिशवी ५. विक्री १२० ला. किलोमागे १५ रुपये नफा, म्हणून ती समाधानी होती. शिक्षकांनी विचारले, “बाई, तुमच्या हातांची मजुरी कोणत्या रकान्यात आहे?” दहा किलोंना दोन दिवस लागत. म्हणजे रोजाचे ७५ रुपये. गावात भांगलणीला जाणाऱ्या बाईलाही याहून अधिक मिळतात. त्या रात्री तिने मला फोन केला आणि बराच वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, “दादा, इतकी वर्षं मी घरात फुकटच राबले की रे.” यावर मी काय बोलणार होतो? आपल्या सगळ्याच घरांचे जमाखर्च त्या एका रिकाम्या रकान्यावर उभे आहेत.

परत आल्यावर तिने कर्ज काढून छोटी गिरणी घेतली, अन्नपदार्थांची नोंदणी केली आणि भाव १६० केला. जुनी गिऱ्हाइके रुसली, काही तुटली. किलोमागे ५५ उरतात. तिचे महिन्याचे वेतन ६,००० आणि बँकेचा हप्ता १,७०० भागायला १४० किलो खपली पाहिजे. हा आकडा तिने गिरणीवर खडूने लिहून ठेवला आहे. भाऊबीजेला माझ्या घरी चार पुडे आणले, तेव्हा पैसे मोजून घेतले. आमच्या सौभाग्यवतींना ते आवडले नाही. मला आवडले.

एरवी महिन्याला सरासरी ९० किलो जाते. हप्ता वजा जाता ३,२५० रुपये तिच्या हाती राहतात, तेही दुकानदारांची उधारी वेळेवर आली तर. शहरातील एका दुकानाकडे दोन महिन्यांचे येणे आहे. ते मागायला परवा ती निघाली, तेव्हा मी सोबत येऊ का म्हणून विचारले. नको म्हणाली, मुलीला घेऊन गेली.