आखाड्याबाहेर

मराठीत काही पदव्या अशा आहेत, की त्या कोणतेही विद्यापीठ देत नाही आणि एकदा मिळाल्यावर कोणाला काढूनही घेता येत नाहीत. ‘पैलवान’ ही त्यांतली एक. कोल्हापूरच्या पेठांतून सकाळी चालत निघावे, तर काठी टेकीत जाणाऱ्या एखाद्या वृद्धाला पानपट्टीवरून हाक येते, “काय पैलवान, बरं हाय न्हवं?” त्याची अखेरची कुस्ती होऊन चाळीस वर्षे लोटलेली असतात. कान चुरगळलेले, गुडघे सुजलेले. पण हाक तीच. तिच्यात आदर असतो, जिव्हाळाही असतो. एक प्रश्न मात्र तिच्यात कधीच नसतो : कुस्ती संपल्यावर या माणसाने पोट कसे भरले?

आपल्याकडे निवृत्ती ही प्रवृत्तीच्या नंतर येणारी अवस्था मानली आहे. संसार पार पडावा, लेकीसुना मार्गी लागाव्यात आणि मग हळूहळू हात सोडवून घ्यावा, अशी ही कल्पना. खेळाडूच्या वाट्याला ती उलट्या क्रमाने येते. ज्या वयात वकिलाची वकिली जेमतेम उभी राहू लागते, त्या वयात मल्लाला लंगोट खुंटीला टांगावा लागतो. संसार अजून सुरूही झालेला नसतो आणि निवृत्ती दारात येऊन उभी राहते. तिला सामोरे जाण्याचे कोणतेही शास्त्र त्याला कोणी शिकवलेले नसते.

कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांचे चरित्र या दृष्टीने वाचण्यासारखे आहे. १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये त्यांनी कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक पदक. त्यांच्या प्रवासासाठी राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवले, ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो. कराडला बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, तेही सांगतो. आपली गोष्ट बहुधा तिथेच संपते. खाशाबांची मात्र संपली नव्हती. १९५५ साली ते पोलीस खात्यात उपनिरीक्षक झाले आणि निवृत्तीच्या उंबरठ्यावर सहायक पोलीस आयुक्तपदापर्यंत पोहोचले. १९८४ साली रस्त्यावरील अपघातात त्यांचा अंत झाला. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. मिरवणूक एका दिवसाची होती. त्यानंतरची बत्तीस वर्षे त्यांनी एका सामान्य नोकरदाराप्रमाणे काढली.

तरीही त्यांना नोकरी होती, हे विसरून चालणार नाही. आपल्या देशात खेळाडूच्या भवितव्याचा विचार बहुतेक वेळा नोकरी या एकाच रूपात झाला आहे. रेल्वे, पोलीस आणि सैन्य यांनी कित्येक पिढ्यांतील खेळाडूंना पोसले. पॅरिसमध्ये २०२४ साली नेमबाजीचे कांस्यपदक जिंकणारा कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे हा रेल्वेचाच कर्मचारी. हा आधार मोठा आहे, यात शंका नाही. पण तो पदकाच्या किंवा प्रमाणपत्राच्या मागून चालतो. ज्याच्या हाती दाखवण्यासारखे काही नाही, त्याच्यापर्यंत तो पोहोचत नाही. आणि प्रत्येक विजेत्यामागे असे हात कितीतरी असतात.

माझा धाकटा भाऊ त्या बिनपदकाच्या मल्लांपैकी. चौदाव्या वर्षी वडिलांनी त्याला तालमीत ठेवले. घरच्या दोन म्हशींचे दूध त्याच्याकडे जाई. बदाम-तुपासाठी एका वर्षी ओढ्याकाठची वीस गुंठे जमीनही गेली. जत्रांच्या मैदानांत त्याचे नाव पुकारले जाऊ लागले तेव्हा ती जमीन गेल्याचे कोणालाच वाईट वाटले नाही. सव्विसाव्या वर्षी कुस्तीत त्याचा गुडघा फिरला. शस्त्रक्रियेनंतर चालता येऊ लागले, पण कुस्ती गेली.

पुढची तीन वर्षे आमच्या घराला जड गेली. पहाटे चारला त्याचा डोळा उघडे आणि उजाडेपर्यंत तो अंगणात नुसता बसून राही. आहार पूर्वीचा, मेहनत मात्र नाही. घडवलेले शरीर डोळ्यांदेखत सुटत गेले. जत्रा जवळ आली की तो पाहुण्यांच्या गावी निघून जाई. नोकरीचे अर्ज लिहायला मी बसवी, तेव्हा ‘अनुभव’ या रकान्यापाशी त्याचा हात थांबे. बारा वर्षे रोज काढलेल्या जोर-बैठका त्या रकान्यात कशा लिहायच्या? एकदा तो मला म्हणाला, “दादा, समदी अजून पैलवान म्हणत्यात. त्यो कुटं गेला, त्ये मलाच ठावं न्हाई.” मी शिकलेला होतो, पण या वाक्याला द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हते.

उत्तर आले ते तालमीतून. एके संध्याकाळी त्याचे वृद्ध वस्ताद घरी आले. सहानुभूतीचा एकही शब्द न उच्चारता त्यांनी विचारले, “कुस्ती थांबली म्हून तालमीत यायचं थांबिवतोस व्हय रं? पोरांच्या दुधाचा हिशेब कुनी ठेवायचा?” तो गेला. आधी दुधाचा हिशेब, मग गवळ्यांशी बोलणी, मग गावच्या दूध संस्थेत संकलनाचे काम, असे करीत आज तो त्या संस्थेचा सचिव आहे. पहाटे चारची सवय तिथे उपयोगी पडली. समोरच्याचा तोल ओळखणे, हरल्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा उभे राहणे, हेही उपयोगी पडले. या गोष्टी आखाड्याबाहेरही चालतात, एवढेच त्याला कोणीतरी सांगायला हवे होते.

जुन्या तालमीपाशी ‘पैलवान’ या शब्दापुढचा एक शब्द होता : ‘वस्ताद’. १९६० साली हिंदकेसरी झालेले आणि १९६२ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकलेले गणपतराव आंदळकर पुढे मोतीबाग तालमीत मल्ल घडवीत राहिले. ते वस्ताद म्हणूनही तितकेच मोठे ठरले. परंतु एका तालमीत वस्ताद होऊन होऊन किती जण होणार? बाकीच्यांसाठी शब्दच नव्हता.

आता त्यांचा विचार होऊ लागला आहे. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २००५ साली खेळाडूंच्या कारकीर्दीसाठी कार्यक्रम सुरू केला. शिक्षण, जीवनकौशल्ये आणि रोजगार ही त्याची तीन अंगे. आपल्या केंद्र सरकारनेही २९ ऑगस्ट २०२४ या राष्ट्रीय क्रीडादिनी निवृत्त खेळाडूंसाठी ‘रीसेट’ हा प्रशिक्षणक्रम जाहीर केला. अकरावी किंवा त्याहून कमी शिकलेल्यांसाठीही त्यात स्वतंत्र पातळी आहे, हे मला विशेष वाटते. कारण आखाड्यासाठी ज्यांची शाळा सुटली, ते नेमके हेच.

या योजनांचे मी स्वागत करतो. फक्त एक गोष्ट मनात राहते. आमच्या घरी वस्ताद आले ते तीन वर्षांनी. अनेकांच्या घरी कोणीच येत नाही. निवृत्तीनंतर दिलेला आधार कितीही चांगला असला, तरी तो उशिराचाच असतो. गुडघा शाबूत असतो, नाव पुकारले जात असते, तेव्हाच कधीतरी त्या विशीतल्या मुलाला जोर झाल्यावर तासभर तालमीच्या दुधाचा हिशेब लिहायला बसवले पाहिजे.