खाडा

आमचे अण्णा कायम होण्यापूर्वी आठ वर्षे गिरणीत 'बदली' होते. गिरणगावाबाहेरच्या वाचकाला हा शब्द उलगडून सांगायला हवा. बदली म्हणजे नोकरीत असूनही रोज सकाळी बेकार असलेला माणूस! पाळीच्या भोंग्याआधी कार्ड घेऊन हजर व्हायचे. कोणाचा खाडा पडला असेल तर त्याच्या साच्यावर उभे राहायचे. नाहीतर डबा तसाच घेऊन घरी. त्या दिवसाचा पगार नाही.

आई सांगे, शिमग्याला नि गणपतीला आपल्या घरात पैसा असे. कोकणातली माणसे गावी जात, मग बदलीवाल्यांची चंगळ. अण्णा मात्र त्या दिवसांत गावी कधी गेले नाहीत. (आजीचा राग शेवटपर्यंत गेला नाही, तो यामुळेच.) एकदा अण्णांच्याच खात्यातले शेजारचे काका तापाने फणफणले. आई त्यांना पेज देऊन आली आणि हळूच अण्णांना म्हणाली, "उद्या जरा लवकर निघा." हे तिने मला हसत हसत सांगितले खरे, पण सांगून झाल्यावर बराच वेळ ती पदराशी चाळा करीत बसली.

1981 साली अण्णा कायम झाले. 18 जानेवारी 1982 रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला; सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. बदल्यांना कायम करा, हीही त्यांची एक मागणी होती. तो संप मागे घेतल्याचे कोणी कधी जाहीर केले नाही, आणि अण्णांना गिरणीने पुन्हा आत घेतले नाही. मग भाजीची पाटी, मग एका गोदामाची राखण.

मी मॅट्रिक झालो, चित्रकलेचा अभ्यासक्रम पुरा केला आणि दोन वर्षे घरी बसलो. शेवटी एका शाळेतून निरोप आला. चित्रकलेच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर जाणार होत्या. मी धावतच घर गाठले. अण्णांनी सगळे ऐकून घेतले.

"म्हणजे बदलीच ना रे?"

"हो."

"त्या बाईंची तब्येत बरी आहे ना?"

मला ते विचारायचे सुचलेच नव्हते.

रजा संपली तशा बाई परत आल्या. मुलगी झाली होती. त्यांनी माझ्या हातावर बर्फी ठेवली. मी त्यांच्या हातात रंगांच्या कपाटाची किल्ली दिली आणि दुपारच्या आतच घरी आलो.